किनाऱ्यावरच्या विहिरीची गोडी कशी टिकवायची

गुहागर, श्रीवर्धन, आचरा, तारकर्ली... पुळणीलगतच्या (समुद्राकाठच्या वाळूलगतच्या) वाड्यांमध्ये एप्रिल उजाडला की एकच तक्रार ऐकू येते, पाणी मचूळ लागतंय. मग सुचतं ते विहीर आणखी दोन हात खोल नेणं, नाहीतर शेजारी बोअर मारणं. किनाऱ्यावर नेमकं हेच करायचं नसतं. इथलं गोडं पाणी खोलवर नाही, वरच्या थरात असतं.

समुद्राचं पाणी गोड्या पाण्यापेक्षा साधारण अडीच टक्के जड. त्यामुळे वाळूत मुरलेला पाऊस खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतो, ताकावर लोणी राहावं तसा. गोड्या पाण्याची पातळी समुद्रपातळीच्या जितकी वर, त्याच्या चाळीसपट गोडं पाणी खाली, असा ढोबळ हिशेब आहे. वर 1 फूट तर खाली 40 फूट. पण तोच हिशेब उलटाही लागतो. उपशाने पातळी 1 फूट उतरली आणि तशीच राहिली, तर खालचं खारं पाणी हळूहळू 40 फूट वर सरकतं, आणि पंपाच्या खाली तर शंकूसारखं उचलून येतं. वाळूत हे बऱ्यापैकी जुळतं. जांभ्यात आणि काळ्या दगडात पाणी भेगांतून धावतं. एखादी भेग खाडीला जाऊन मिळालेली असेल तर हिशेब कोलमडतो. म्हणून अंदाजावर न राहता मोजायचं.

कठड्यावर रंगाची एक खूण करा. मोजपट्टीला पाव किलोचं वजन बांधून त्या खुणेपासून पाण्यापर्यंतचं अंतर दर आठवड्याला, सकाळी पंप लावण्यापूर्वी घ्या आणि वहीत लिहा. दुसरं मोजमाप क्षारांचं. टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं छोटं यंत्र) पुरतो, पण नमुने दोन हवेत, एक वरचा आणि एक तळाचा. तळाच्या नमुन्यासाठी काचेच्या बाटलीला दगड बांधा, तोंडाला सैलसर बूच लावा, बुचाला वेगळी सुतळी. बाटली तळाच्या हातभर वर पोचली की सुतळीला हिसका द्यायचा. बुडबुडे थांबले की वर ओढा. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला एक जादा नोंद ठेवा.

आकडा वाचताना एक चूक फार होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची स्वीकारार्ह मर्यादा लिटरला 500 मिलिग्रॅम आहे, म्हणून 350 आलं की लोक निर्धास्त होतात. जांभ्यातलं पाणी मुळात फार हलकं असतं. दिवाळीला 120 दाखवणारी विहीर मार्चमध्ये 350 दाखवत असेल, तर खारं पाणी शिरू लागलं आहे. जिभेला मीठ कळेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. आधी तळाचा आकडा चढतो, वरचा मागून येतो. या दोहोंमधला काळ हीच तुमची संधी.

पंपाकडे सगळ्यात जास्त लक्ष द्या, कारण बहुतेक विहिरी तिथेच बिघडतात. तळाला टेकवलेला सबमर्सिबल, म्हणजे पाण्यात बुडवून ठेवायचा पंप, पहिल्यांदा खारं पाणीच ओढतो. त्याऐवजी अर्धा ते एक अश्वशक्तीचा मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) काठावर बसवा; पाणी 6 मीटरपेक्षा खाली जात नसेल तर तो सहज ओढतो. विहिरीत लवचिक सक्शन पाइप सोडा, झाकण घट्ट बंद केलेला रिकामा 20 लिटरचा कॅन त्याला बांधा आणि फुटव्हॉल्व्ह (पाइपच्या खालच्या टोकाची झडप) कॅनच्या खाली 2 फुटांवर लोंबू द्या. पातळी खाली-वर झाली तरी पंप वरचंच पाणी घेईल. फुटव्हॉल्व्ह फूटभरापेक्षा उथळ ठेवलात तर भोवरा होऊन हवा शिरते आणि पंप पाणी सोडतो. सलग दोन तास उपसण्यापेक्षा अर्धा तास उपसा, दोन तास विश्रांती. शेजारच्या दोन विहिरींनी एकाच वेळी पंप लावू नयेत, एवढं वाडीत बोलून ठरवता येतं.

माडांना पाटाने पाणी देण्याचा जुना रिवाज आता परवडत नाही. आळ्यात दर चार दिवसांनी 200 लिटर, म्हणजे माडामागे रोजचे 50 लिटर होतात. ठिबकने 30 ते 35 पुरतात. बुंध्याभोवती 6 फुटांपर्यंत नारळाची सोडणं फुगीर बाजू वर करून पसरा, ओल टिकते.

आता पुनर्भरण. छपराचं पाणी विहिरीत सोडा, हा सल्ला सरसकट दिला जातो. कोकणात तो अर्धाच खरा. जुलैत विहीर कठड्याला लागलेली असते. तेव्हा ओतलेलं पाणी थोड्याच दिवसांत समुद्राला मिळतं. 100 चौरस मीटर छपरावर 3000 मिलिमीटर पावसात, वीस टक्के गळती धरूनही, 2 लाख 40 हजार लिटर पडतं, पण ते मेपर्यंत जमिनीत थांबत नाही. त्यापेक्षा 5000 लिटरची बंद टाकी भरून ठेवा. पाच माणसांच्या पिण्या-रांधण्याला माणशी 10 लिटर धरलं तर 100 दिवस निघतात. पहिले दोन-तीन पाऊस वाहू द्या, कौलांवरची घाण जाते. गाळणीत नदीची धुतलेली वाळू वापरा. पुळणीवरची वाळू स्वतःच मीठ सोडते.

जमिनीत पाणी अडवायचं तर पाऊस गेल्यावर, पऱ्याची (ओढ्याची) धार बारीक झाली की, वरच्या अंगाला. 5 मीटर रुंदीच्या पऱ्यावर मीटरभर उंच वनराई बंधाऱ्याला 180 ते 200 रिकामी सिमेंटची पोती लागतात. पोती पाऊण भरा, मातीने. तुडुंब भरलेलं पोतं नीट बसत नाही आणि फटींतून पाणी निसटतं. लांबी प्रवाहाच्या दिशेने, सांधे विटांसारखे चुकवून, खाली तीन पोत्यांची जाडी, वर एक. वरच्या बाजूला चिकणमातीचा लेप आणि मध्ये सांडव्याला खाच. जागा भरतीचं पाणी पोचतं त्याच्या वरच हवी. खाली बांधाल तर खारं पाणीच अडवून बसाल. खारबंदिस्तीच्या (खाडीचं पाणी अडवणाऱ्या बांधाच्या) उघाडीची, म्हणजे पाणी बाहेर सोडायच्या दाराची, झडपही भरतीच्या वेळी जाऊन बघा. कुजलेली झडप रोज दोन वेळा खाडी आत सोडते.

सांडपाण्याचा शोषखड्डा विहिरीपासून किमान 15 मीटर दूर हवा, जांभ्यात त्याच्या दुप्पट आणि उताराच्या खालच्या अंगाला.

विहीर खारट झालीच तर पंप बंद करा. गाळ काढायला मेमध्ये ती कोरडी ठाक उपसू नका, खालचं खारं पाणी उसळून येतं. अलीकडे खोल नेली असेल तर जादा खणलेला भाग चिकणमातीने ठोकून भरा आणि वर हातभर वाळू टाका. माणूस उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघा. तो विझला तर कोणीही उतरायचं नाही. पावसाळा तिला मोकळा द्या. जानेवारीत दोन्ही बाटल्या पुन्हा भरा. वरचा आणि तळाचा आकडा जवळ आले असतील तर पंप जोडा, सुरुवातीला रोज 15 मिनिटं.