सेल्फ-टेप ऑडिशन: स्टेजवर गाजणारे इथे का अडकतात? या चुका टाळा

पुण्यातल्या नटाची पहिली ऑडिशन आता बहुतेक वेळा घरातल्या भिंतीसमोरच होते, फोनवर स्वतःच रेकॉर्ड केलेल्या सेल्फ-टेपने. व्हॉट्सअ‍ॅपवर दोन पानांचा सीन येतो, सोबत 'उद्या दुपारपर्यंत पाठवा' एवढाच निरोप. टेप जाते आणि पुढे शांतता. कारण कुणी कळवत नाही, म्हणून माणूस अभिनय कमी पडला असं धरून नवं वर्कशॉप शोधायला लागतो. पण कितीतरी टेप अभिनय बघण्याइतक्या चालतच नाहीत. आवाज घुमतोय, चेहरा काळा पडलाय, इंट्रोच नाही. बघणारा पुढच्या टेपकडे वळतो.

इंट्रोपासून बघू. नाव, वय, उंची, शहर, येणाऱ्या भाषा. मग डावी-उजवी प्रोफाइल, दोन्ही हात पुढून-मागून आणि एक फुल शॉट. सगळं मिळून 20-30 सेकंदांत. फोन नंबर मागितला असेल तरच सांगा. इंट्रो तुमच्याच आवाजात हवी, पात्राच्या नाही. उंची दोन इंच वाढवून सांगू नका. समोरच्या कलाकाराशी जोडी बघताना ती उघडी पडतेच.

टेप तांत्रिकदृष्ट्या कुठे बिघडते

फोन आडवा, ट्रायपॉडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला. टेबलावर पुस्तकांना टेकवलेला फोन खालून बघतो आणि हनुवटी मोठी दिसते. मागचा कॅमेरा वापरा, पण वाइड लेन्स नको. जवळून घेतलं की नाक पुढे येतं. सव्वा ते दीड मीटरवर उभं राहून छातीपासून वर फ्रेम धरा. ब्यूटी फिल्टर आणि पोर्ट्रेट मोड बंद. फोकस आणि एक्स्पोजर चेहऱ्यावर बोट दाबून लॉक करा, नाहीतर हात हलला की उजेड वरखाली होतो.

खिडकी तुमच्या समोर असावी, पाठीमागे नाही. रात्री करायची वेळ आलीच तर एक गोष्ट लक्षात ठेवा: आपली वीज 50 हर्ट्झची, त्यामुळे जुन्या ट्यूब आणि स्वस्त एलईडी सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. फोन सेकंदाला 30 फ्रेमवर असला की चित्रात पट्टे सरकताना दिसू शकतात. 25 फ्रेम आणि जमत असेल तर शटर 1/50 सेकंद ठेवलं की ते सहसा जातात.

आवाज हे सर्वांत दुर्लक्षित प्रकरण. पंखा बंद, शक्य असेल तर फ्रिजही. रिकाम्या खोलीत आवाज समोरच्या भिंतीवर आपटून परत येतो, म्हणून फोनच्या मागच्या बाजूला गादी उभी करा किंवा जाड चादर टांगा. क्यू देणारा, म्हणजे समोरच्या पात्राची वाक्यं वाचणारा, फोनला चिकटून उभा असतो, त्यामुळे त्याचा आवाज तुमच्यापेक्षा मोठा येतो. त्याला हळू बोलायला सांगा. शिवाय गणपतीच्या आधीच्या महिन्यात संध्याकाळी रेकॉर्डिंग ठरवूच नका. नदीपात्राजवळ राहत असाल तर ढोलपथकांची तालीम तुमच्या करुण प्रसंगात येणारच.

बारीक रेघांचा शर्ट कॅमेऱ्यात थरथरतो, पांढरा कपडा पांढऱ्या भिंतीत विरतो. इन्स्पेक्टरची भूमिका असली तरी भाड्याची वर्दी आणू नका, साधा फिका शर्ट पुरे. व्हिडिओ व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, म्हणजे दाबला जात नाही. ड्राइव्हची लिंक दिलीत तर ती दुसऱ्या फोनवरून उघडून बघा. परवानगी मागणारी लिंक कुणी उघडत बसत नाही. फाइलला तुमचं नाव आणि भूमिकेचं नाव द्या.

स्टेजची सवय

इथे पुणेकर नट खास अडकतात. पुरुषोत्तम करंडक ही कॉलेजांची एकांकिका स्पर्धा 1963 पासून चालू आहे. एकांकिकांच्या तालमीत पिढ्यान्‌पिढ्या एकच शिकवण मिळाली, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं पाहिजे. ती शिकवण चुकीची नाही. पण टेपमध्ये शेवटची रांग सव्वा-दीड मीटरवर आहे. आवाज क्यू देणाऱ्यापर्यंत पोचेल एवढाच लावा.

टेप एकदा आवाज बंद करून बघा. कोणत्या शब्दावर जोर दिलाय हे मानेच्या झटक्यावरून कळत असेल, तर मान जास्त बोलतेय. मग फक्त तुम्ही ऐकत असता तेवढे भाग बघा. समोरच्याचं वाक्य चालू असताना तुमचे ओठ हलतात का? चेहरा नुसता आपल्या पाळीची वाट बघतोय का? हे दोन दोष स्टेजवर लपतात, इथे नाही.

नजर लेन्सच्या लगेच बाजूला, क्यू देणाऱ्याच्या डोळ्यांत. सीनमध्ये दुसरं पात्र असेल तर ते लेन्सच्या दुसऱ्या बाजूला माना. लेन्समध्ये बघायचं ते इंट्रोत, किंवा तसं सांगितलं असेल तरच.

पाठांतरही चालीत होतं. 'मी तुला पैसे दिले नव्हते' हे वाक्य पाच वेळा म्हणा, दर वेळी वेगळ्या शब्दावर भर देऊन. भांडण प्रत्येक वेळी निराळं होतं. भाजी चिरताना, जिना चढताना, भराभर, सपाट सुरात पाठ करा, म्हणजे एकच चाल बसत नाही. ती बसली की मोठी अडचण समोरासमोरच्या ऑडिशनला येते. 'हेच आता राग न दाखवता, दमलेल्या माणसासारखं करा' असं सांगितलं जातं आणि नट पहिलाच टेक थोडा हळू करतो. पहिला टेक वाईट होता म्हणून दुसरा मागितला असं नसतं; सूचना घेता येते का, हे बघायचं असतं. बदल स्पष्ट दिसू द्या, चुकला तरी चालेल.

बोलीचंही तेच. मागितली नसेल तर 'न्हाय', 'हाय' पेरून गावरान करू नका. मागितली असेल तर त्या भागातल्या माणसाचं बोलणं ऐकून करा. कोल्हापूर आणि नागपूर यांची एकच खिचडी लगेच ओळखू येते.

मुंबईला बोलावलं तर

आरामनगर, अंधेरीला सकाळी अकराची वेळ असेल तर एक्सप्रेस वेच्या भरवशावर सातला निघू नका. आदल्या रात्री पोचलेलं बरं. दोन वेगळ्या रंगांचे साधे कपडे आणि फोटोंच्या प्रिंट जवळ ठेवा.

ऑडिशनसाठी पैसे लागत नाहीत. रजिस्ट्रेशन फी, 'आर्टिस्ट कार्ड', 'पोर्टफोलिओ आमच्याच फोटोग्राफरकडून' असं काही निघालं की फोन ठेवा. ऑनलाइन पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

टेप पाठवल्यावर रोज 'सर, काही अपडेट?' विचारू नका. वहीत तारीख, भूमिका, कपडे आणि केसांची ठेवण लिहून ठेवा. पुढच्या फेरीला बोलावलं आणि वेगळं काही सांगितलं नाही, तर तोच शर्ट घालून जा; त्यांनी निवडलेला चेहरा त्या शर्टातला आहे.