लांबलचक पोलिश शब्द कसा फोडावा

पोलिश शब्द समोर आला की नजर आधी व्यंजनांच्या गर्दीत अडकते. ती तिथून काढून स्वरांवर न्या. शब्दात उच्चारले जाणारे स्वर जितके, तितकेच त्याचे तुकडे. हे एवढं पक्कं धरलं की निम्मं काम झालंच.

पेन्सिल घेऊन प्रत्येक स्वराखाली टिंब द्या. पोलिशमध्ये स्वरांची नऊ अक्षरं आहेत: ए, ई, आय, ओ, यू, वाय ही सहा, खाली शेपटी असलेले ए आणि ई, आणि डोक्यावर तिरकी रेघ असलेला ओ. या रेघवाल्या ओचा उच्चार ‘ऊ’ होतो.

आपल्याला सुट्या व्यंजनातही नकळत ‘अ’ घालून वाचायची सवय असते, ती इथे मोडावी लागते. ‘स्त्री’ म्हणताना आपण तीन व्यंजनं एकाच स्वरावर पेलतोच की! भुंगेऱ्याला पोलिशमध्ये ‘ख्शोंश्च’ म्हणतात. रोमन लिपीत नऊ अक्षरं, स्वर एक, म्हणून तुकडाही एकच.

आता आयची टिंबं तपासा. मूळ पोलिश शब्दांत आयच्या पाठोपाठ दुसरा स्वर आला, तर तो आय मोजायचा नाही. आधीचं व्यंजन मृदू करणं एवढंच त्याचं काम. ‘न्येबो’ म्हणजे आकाश. लिहिताना त्यात आय, ई, ओ असे तीन स्वर दिसतात, पण तुकडे दोनच: न्ये-बो.

सी-झेड, एस-झेड, आर-झेड, सी-एच, डी-झेड या जोड्या म्हणजे एकेक व्यंजन. त्या मधून तोडू नका. अपवाद मोजके. गारठणे या अर्थाचा ‘मार-झ्नोंच’ हा त्यातला एक, तिथे आर आणि झेड वेगवेगळे उच्चारतात.

दोन स्वरांमध्ये एकच व्यंजन असेल तर ते पुढच्या तुकड्याला द्या. जास्त असतील तर फार डोकं शिणवू नका. बहीण म्हणजे ‘शोस्त्रा’. ओळीच्या शेवटी तो शो-स्त्रा, शोस-त्रा, शोस्त-रा असा कसाही तोडलेला चालतो.

खरी परीक्षा 50 ग्रोशांच्या (ग्रोश म्हणजे पोलंडचा पैसा) नाण्याच्या नावाची. टिंबं दिलीत तर 11 भरतील. त्यातले चार आय पुढच्या स्वराला चिकटलेले आहेत, ते खोडा. उरले सात: प्येंच-ज्ये-शें-चो-ग्रो-शूफ-का. म्हणायला मात्र शेवटाकडून सुरुवात करा. आधी ‘का’, मग ‘शूफ-का’, मग ‘ग्रो-शूफ-का’, असं मागे मागे सरकत जा. ही रीत मला सगळ्यात भरवशाची वाटते, कारण पोलिशमध्ये आघात, म्हणजे उच्चारातला जोर, सहसा शेवटून दुसऱ्या तुकड्यावर पडतो. तो इथे ‘शूफ’वर आहे आणि शब्द कितीही वाढला तरी तिथून हलत नाही. पुढून सुरुवात केलीत तर प्रत्येक नव्या तुकड्यासरशी आघात सरकतो आणि जीभ अडखळते. ‘मातेमातिका’सारख्या ग्रीक-लॅटिन वळणाच्या शब्दांत, प्रमाण उच्चारात, तो शेवटून तिसऱ्या तुकड्यावर जातो: मा-ते-मा-ति-का, जोर दुसऱ्या ‘मा’वर.

हे जमलं की रोमन लिपीत 32 अक्षरं असलेल्या शब्दाला हात घाला. कॉन्स्टँटिनोपलकराच्या घरातली छोटी मुलगी, असा त्याचा अर्थ. पोलिश लोक तो गंमत म्हणून एकमेकांना म्हणायला लावतात. तुकडे 12: कोन-स्तान-ति-नो-पो-ली-ताञ-चि-को-व्या-नेच-का. सुरुवात ‘नेच-का’पासून करा.