मुंबईतील छोट्या कार्यालयासाठी स्वतःचा क्लाउड: एकाच सर्व्हरवर व्हर्च्युअल मशीन आणि कंटेनर

ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये मुंबईत क्लाउड केंद्रे सुरू केली. तेव्हापासून भाड्याचा सर्व्हर काही मिनिटांत मिळतो, आणि ज्या कामाचा भार सतत कमीजास्त होतो त्यासाठी तोच मार्ग योग्य आहे. मात्र सनदी लेखापालाचे कार्यालय, छोटा दवाखाना किंवा महाविद्यालयाची प्रयोगशाळा यांचे काम बहुधा ठरावीक असते. हिशेबाचे सॉफ्टवेअर, फाइलींचा साठा आणि एखादे अंतर्गत संकेतस्थळ अहोरात्र सुरू ठेवायचे असेल, तर स्वतःच्या यंत्रावर क्लाउड उभारण्याचा विचार जरूर करावा. त्यासाठी प्रॉक्समॉक्स व्हीई ही मुक्त स्रोत प्रणाली मला सर्वांत सोयीची वाटते. व्हिएन्नातील कंपनीने २००८ मध्ये प्रथम प्रसिद्ध केलेली ही प्रणाली डेबियन या लिनक्सवर आधारलेली असून तिच्यात व्हर्च्युअल मशीनसाठी (सॉफ्टवेअरने बनवलेला पूर्ण संगणक) केव्हीएम आणि कंटेनरसाठी (सर्व्हरमधलाच एखाद्या सेवेपुरता वेगळा कप्पा) एलएक्ससी असे दोन्ही एकाच पडद्यावरून चालवता येते.

स्थापना अर्ध्या तासाचे काम आहे. खरा वेळ त्याआधीच्या तीन निर्णयांना द्यावा: साठवण, नेटवर्क आणि बॅकअप. व्हर्च्युअल मशीन केव्हाही पुसून नव्याने करता येते, पण त्याखालची डिस्करचना आणि पत्त्यांची मांडणी बदलायची म्हणजे चालू काम थांबवावे लागते.

यंत्र लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारातून जुने घेतले तरी चालेल, पण डिस्क नव्या घ्याव्यात. वीज अचानक गेली तरी लिहिला जात असलेला डेटा वाचवणारे सर्व्हरच्या दर्जाचे एसएसडी महाग असले, तरी तिथे काटकसर करू नये. समान क्षमतेच्या दोन डिस्क घेऊन स्थापनेच्या वेळीच झेडएफएस या फाइल प्रणालीची आरसा पद्धत, म्हणजे दोन्ही डिस्कवर तोच डेटा ठेवणारी रेड-१, निवडावी. झेडएफएसला डिस्क थेट दिसाव्या लागतात, म्हणून डिस्क एकत्र जोडणारे हार्डवेअर रेड कार्ड असल्यास ते मधे ठेवू नये. झेडएफएस कॅशेसाठी, म्हणजे वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवण्यासाठी, रॅमचा काही भाग स्वतःकडे घेते, त्यामुळे सगळी रॅम मशीनना वाटून टाकू नये. डिस्कची जागा मात्र कागदावर जेवढी वाटली तेवढी लगेच वापरली जात नसल्याने प्रत्यक्षातल्यापेक्षा जास्त वाटता येते, आणि इथेच घात होतो: साठा पूर्ण भरला की त्यावरची सगळी मशीन एकदम अडकतात. वापर ८० टक्क्यांच्या आत राहील असे पाहावे.

स्थापनेपूर्वी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशन सुविधा सुरू असल्याची खात्री करावी. यूएसबीवरून स्थापना करताना निवडलेल्या डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जातो, हे लक्षात ठेवावे. सर्व्हरला कायमचा आयपी पत्ता द्यावा. पुढील सर्व काम ब्राउझरमधून, ८००६ या पोर्टवर होते. प्रॉक्समॉक्सची वर्गणी घेतलेली नसेल, तर अपडेटसाठी विनावर्गणी रिपॉझिटरी (सॉफ्टवेअरचा ऑनलाइन साठा) निवडावी.

आयपी पत्त्यांची मांडणी करताना १९२.१६८.१.० ही मालिका टाळावी. डोंबिवली किंवा विरारहून घरून काम करणाऱ्या सहकाऱ्याच्या राउटरवर बहुधा हीच किंवा हिच्या शेजारची मालिका असते, आणि मग व्हीपीएन (इंटरनेटवरून कार्यालयाशी सुरक्षित जोडणी) जोडल्यावर कार्यालयातील सर्व्हर त्याला सापडत नाही. १०.२०.३०.० यासारखी कमी वापरातली मालिका घ्यावी. मॅनेज्ड स्विच वापरून सर्व्हरचे व्यवस्थापन, कार्यालयाचे काम आणि पाहुण्यांचे वायफाय यांसाठी वेगवेगळे व्हीलॅन (एकाच स्विचवरची विलग नेटवर्क) करावेत आणि ब्रिजवर, म्हणजे मशीनना नेटवर्कशी जोडणाऱ्या प्रॉक्समॉक्समधील आभासी स्विचवर, व्हीलॅनचा पर्याय सुरू करावा. ८००६ हे पोर्ट इंटरनेटवर थेट उघडू नये. बाहेरून येण्यासाठी वायरगार्ड हे व्हीपीएन सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यासाठी इंटरनेट पुरवठादाराकडून सार्वजनिक स्थिर आयपी मागून घ्यावा लागेल, कारण अनेक घरगुती जोडण्यांवर तो मिळत नाही.

आता कोणते काम कुठे ठेवायचे हा प्रश्न. व्हर्च्युअल मशीनला स्वतःचे कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) असते, तर कंटेनर सर्व्हरचेच लिनक्स कर्नल वापरतो. म्हणून कंटेनर काही सेकंदांत सुरू होतो आणि रॅम कमी घेतो, पण त्यात विंडोज चालू शकत नाही आणि त्याचे विलगीकरणही तितके भक्कम नसते. टॅलीसारखे विंडोजवरील सॉफ्टवेअर आणि इंटरनेटला सामोरे जाणारी कोणतीही सेवा मी व्हर्च्युअल मशीनमध्येच ठेवेन. डीएनएस (नावावरून आयपी पत्ता सांगणारी सेवा), अंतर्गत विकी, देखरेखीची साधने यांसाठी कंटेनर उत्तम, तोही अनप्रिव्हिलेज्ड, म्हणजे आतला रूट (सर्वाधिकारी वापरकर्ता) हा बाहेर सामान्य वापरकर्ताच राहतो. डॉकर हे कंटेनर चालवणारे दुसरे साधन वापरायचे असल्यास ते एलएक्ससी कंटेनरमध्ये बसवण्याचा मोह टाळून त्यासाठी वेगळे लिनक्स व्हर्च्युअल मशीन करावे. प्रॉक्समॉक्सच्या निर्मात्यांचाही हाच सल्ला आहे.

विंडोजचे मशीन करताना व्हर्टआयओ (व्हर्च्युअल मशीनसाठीचा वेगवान प्रकार) डिस्क निवडली असेल, तर व्हर्टआयओ ड्रायव्हरची आयएसओ फाइलही जोडावी, नाहीतर स्थापनेच्या वेळी त्याला डिस्कच दिसत नाही. लिनक्ससाठी क्लाउड-इनिट (पहिल्यांदा सुरू होताना नाव, पत्ता वगैरे आपोआप लावणारे साधन) असलेले एक मशीन नीट तयार करून त्याचे टेम्पलेट, म्हणजे साचा, करावे. मग प्रत्येक नवे मशीन ही त्याची प्रत असते.

मुंबईत विजेचा आणि पाण्याचा विचार वेगळा करावाच लागतो. १२ ऑक्टोबर २०२० रोजी शहराच्या मोठ्या भागाची वीज गेली होती आणि २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. सर्व्हर तळमजल्यावर ठेवू नये. यूपीएस केवळ बसवून भागत नाही. बॅटरी उतरू लागताच सर्व मशीन क्रमाने बंद होतील अशी जोडणी करावी, आणि वीज परतल्यावर डेटाबेस आधी व त्यावर अवलंबून असलेल्या सेवा नंतर सुरू होतील असा क्रम नोंदवावा. रविवारी कार्यालयाचा एसी बंद असताना बंद कपाटातले तापमान किती होते, तेही मोजून पाहावे.

अंधेरीत कार्यालय आणि ठाण्यात शाखा असेल, तर दोन्हीकडच्या सर्व्हरचा एक क्लस्टर, म्हणजे एकत्र चालणारा गट, करावा असे वाटते. तसे करू नये. क्लस्टरमधील यंत्रांना ५ मिलिसेकंदांच्या आत परस्परांचे उत्तर सातत्याने मिळावे लागते आणि गटाचे काम चालू ठेवणाऱ्या बहुमतासाठी, प्रत्येक यंत्राचे एक याप्रमाणे, किमान तीन मते लागतात. ठाण्याच्या जागेचा खरा उपयोग बॅकअपसाठी आहे. स्नॅपशॉट, म्हणजे मशीनच्या त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, त्याच डिस्कवर राहतो, तो बॅकअप नव्हे. अंधेरीत वेगळ्या यंत्रावर प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर बसवून रोज रात्री प्रत घ्यावी आणि तीच प्रत ठाण्यातील दुसऱ्या बॅकअप सर्व्हरवर न्यावी. पहिल्या प्रतीनंतर फक्त बदललेला भाग जात असल्याने साध्या ब्रॉडबँडवरही हे जमते. प्रती कूटबद्ध केल्यास त्याची किल्ली सर्व्हरबाहेर, छापील स्वरूपातही ठेवावी. महिन्यातून एकदा एक मशीन बॅकअपमधून नव्या क्रमांकाने परत उभे करावे. मूळ मशीनच्या आयपीशी टक्कर होऊ नये म्हणून सुरू करण्यापूर्वी त्याची नेटवर्क जोडणी काढावी, आतील ताज्या तारखेची फाइल उघडून पाहावी आणि मग ते पुसून टाकावे.