परदेशातून आणलेल्या फोनला नागपुरात नेटवर्क नाही? या चुका टाळा

परदेशातून आणलेल्या फोनला इथे नेटवर्क मिळत नसेल, तर त्यामागे बहुतेक वेळा चारपैकी एक कारण असतं: लॉक (फोन एकाच ऑपरेटरला बांधलेला असणं), सिमची जागा, व्होएलटीई (४जी नेटवर्कवरून कॉल करायची सोय) किंवा बँड (नेटवर्कचा फ्रिक्वेन्सीचा पट्टा). बाहेरून बहुतेकांचं लक्षण सारखंच, ते म्हणजे 'नो सर्व्हिस'; व्होएलटीईच्या अडचणीत मात्र इंटरनेट चालतं आणि कॉल अडतो. उपाय मात्र प्रत्येकाचा वेगळा, आणि लॉकवरचा खरा उपाय तर ज्या देशात फोन घेतला तिथेच मिळतो. म्हणून फोन आणणारा भाचा किंवा आत्या विमानात बसायच्या आधीच खालच्या गोष्टी तपासून घ्या. फोन बर्डीच्या दुकानात नेऊन ठेवल्यावर फार उशीर झालेला असतो.

'अनलॉक आहे' या शब्दावर विसंबणे

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. अमेरिकेत ऑपरेटरकडून हप्त्यावर घेतलेला फोन त्या ऑपरेटरला बांधलेला असतो. तिकडे तो व्यवस्थित चालत असतो, त्यामुळे वापरणाऱ्यालाही लॉकचा पत्ता नसतो. आयफोनमध्ये सेटिंग्ज, जनरल, अबाउट उघडा आणि खाली 'कॅरिअर लॉक' ही ओळ शोधा. तिथे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' लिहिलेलं असेल तरच फोन मोकळा. त्या पानाचा स्क्रीनशॉट मागवून घ्या, तोंडी उत्तर नको. अँड्रॉइडमध्ये खात्रीचा मार्ग एकच, दुसऱ्या ऑपरेटरचं सिम टाकून पाहणे. 'नेटवर्क अनलॉक पिन' मागितला, तर फोन लॉक आहे.

देश पाहिला तरी अंदाज येतो. कॅनडात डिसेंबर २०१७ पासून, जपानमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून आणि ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून नवे फोन लॉक करून विकायला बंदी आहे. अमेरिकेत अशी सरसकट बंदी नाही. तिथले ऑपरेटर पूर्ण पैसे फिटल्यावर आणि ठरावीक दिवस त्यांच्या नेटवर्कवर वापर झाल्यावर लॉक काढतात. काही हप्ते बाकी ठेवून फोन भारतात पाठवला, तर तो इथे नुसता कॅमेरा म्हणून उरतो.

यावर दुकानदार सिमखाली ठेवायची पातळ चिप सुचवतात. ती घेऊ नका. पुढच्या सॉफ्टवेअर अपडेटला तिचं काम थांबू शकतं, आणि ज्या फोनला सिमचा ट्रेच नाही तिथे ती ठेवणार कुठे? अंदाजाने अनलॉक कोड टाकत बसणंही धोक्याचं. प्रयत्न मर्यादित असतात, ते संपले की नंतर खरा कोड मिळूनही तो स्वीकारला जात नाही.

जुना फोन घेत असाल तर आणखी एक तपासणी करा. *#०६# डायल करून आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, काढा आणि इंग्रजीत 'केवायएम', मग जागा सोडून ते १५ आकडे असा एसएमएस १४४२२ वर पाठवा. उत्तरात ब्रँड आणि मॉडेल येतं. हातातला फोन आणि उत्तरातलं मॉडेल जुळत नसेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

ट्रे नाही हे घरी आल्यावर कळणे

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ आणि त्यापुढच्या मॉडेलांना प्रत्यक्ष सिमची जागाच नाही, फक्त ई-सिम, म्हणजे फोनमध्येच इंटरनेटवरून उतरवायचं सिम. १७ च्या मालिकेपासून संयुक्त अरब अमिरात, कतार, सौदी आणि जपानमधल्या मॉडेलांचंही तेच. नागपूरकरांचे नातेवाईक आखाती देशांत भरपूर, त्यामुळे हे लक्षात ठेवाच. याउलट चीनच्या मुख्य भूमीवर विकलेल्या आयफोनमध्ये वर्षानुवर्षं दोन प्रत्यक्ष सिम आणि ई-सिम नाही, अशी रचना राहिली आहे. मॉडेल नंबरमध्ये तिरप्या रेषेच्या आधीची अक्षरं पाहिली की देश कळतो: एलएल म्हणजे अमेरिका, सीएच म्हणजे चीन, जे म्हणजे जपान, एचएन म्हणजे भारत.

जिओ, एअरटेल आणि व्हीआय तिघेही ई-सिम देतात. अडचण होते ती क्रम चुकल्यामुळे. ई-सिमची विनंती करताना जुनं सिम दुसऱ्या फोनमध्ये चालू हवं, कारण खात्री करायचा एसएमएस त्यावरच येतो. नव्या फोनला वाय-फाय हवं, कारण ई-सिमचं प्रोफाइल इंटरनेटवरून उतरतं. क्यूआर कोड ईमेलवर येतो. तो ईमेल लॅपटॉपवर किंवा दुसऱ्या फोनवर उघडा, म्हणजे नव्या फोनने स्कॅन करता येईल. एअरटेलसाठी ईमेल आधी नोंदवलेला हवा. जिओला ३२ आकडी ईआयडी (ई-सिमचा ओळख क्रमांक) आणि १५ आकडी आयएमईआय लागतो. दोन्ही *#०६# वर दिसतात आणि एक आकडा चुकला तरी विनंती पुढे सरकत नाही. क्यूआर कोड कोणालाही पाठवू नका, 'कंपनीतून बोलतोय' म्हणणाऱ्याला तर मुळीच नाही. तो ज्याच्या हाती, नंबर त्याच्या हाती.

प्रोफाइल उतरल्यावर ते डिलीट करू नका. नेटवर्क रीसेट करताना फोन 'ई-सिमही काढू का' असं विचारतो, तिथे घाईत 'हो' दाबलं जातं आणि मग पुन्हा पहिल्यापासून.

सिम बदलल्याच्या दिवशीच यूपीआय चालू करणे

सिम बदललं किंवा ई-सिममध्ये रूपांतर केलं की पुढचे २४ तास त्या नंबरवर येणारे आणि जाणारे एसएमएस बंद ठेवले जातात. फसवणूक रोखण्यासाठी दूरसंचार विभागाने घातलेला हा नियम आहे. यूपीआय अ‍ॅप नंबर पडताळण्यासाठी फोनमधून एसएमएस पाठवतं. तो जात नाही, मग लोक अ‍ॅप काढून टाकतात, फोन रीसेट करतात, दुकानात जातात. काहीही करू नका, २४ तास थांबा. लग्नाच्या खरेदीच्या किंवा फी भरायच्या आदल्या दिवशी सिम बदलू नका. दोन सिम असतील तर एसएमएस बँकेशी जोडलेल्या भारतीय नंबरवरून जातोय ना, तेही पाहा.

आयफोनवर आयमेसेज आणि फेसटाइम चालू होताना आंतरराष्ट्रीय एसएमएस जातो. पॅक असला तरी मुख्य बॅलन्स शून्य असेल तर 'वेटिंग फॉर अ‍ॅक्टिव्हेशन' तसंच राहतं. थोडा टॉक-टाइम टाका.

इंटरनेट चालतं म्हणजे कॉलही लागेल असं धरणे

नागपुरात सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो. जिओकडे २जी आणि ३जी नाहीच, कॉल व्होएलटीईवरच जातो. फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये भारतीय ऑपरेटरसाठी व्होएलटीई चालू नसेल, तर ४जी पूर्ण दिसतं, यूट्यूब चालतं आणि कॉल मात्र लागत नाही. एअरटेलवर तोच फोन कॉल करताना २जीवर उतरतो, म्हणून कॉल लागतो पण बोलताना इंटरनेट थांबतं. हे लक्षण दिसलं की टॉवरला दोष देऊ नका.

तपासणी सोपी आहे. बऱ्याच अँड्रॉइड फोनवर *#*#४६३६#*#* डायल केल्यावर फोनची माहिती उघडते, त्यात आयएमएस (व्होएलटीई कॉल ज्यावर चालतो ती व्यवस्था) नोंदणीची स्थिती पाहा. 'नॉट रजिस्टर्ड' असेल तर आधी सेटिंग्जमध्ये व्होएलटीई चालू करा, मग सॉफ्टवेअर अपडेट, मग एकदा विमान मोड चालू करून बंद. एवढ्यानेही झालं नाही तर त्या मॉडेलला भारतासाठी परवानगीच दिलेली नाही असं समजा. सॅमसंगमध्ये *#१२३४# वर सीएससी दिसतो, म्हणजे फोन कोणत्या देशाच्या सॉफ्टवेअरवर आहे ते कळतं. ते बदलून देतो म्हणणारे असतात. पण फ्लॅश करताना, म्हणजे सॉफ्टवेअर नव्याने भरताना, डेटा जाऊ शकतो, आणि अनधिकृत सॉफ्टवेअर टाकलं तर नॉक्स ही सॅमसंगची सुरक्षा यंत्रणा कायमची निकामी होऊन सिक्युअर फोल्डर बंद पडतं. आधी बॅकअप, तोही दुसऱ्या ठिकाणी.

परदेशी सॅमसंगच्या खोक्यावर प्रदेशाचं स्टिकरही पाहा. काही फोनना सुरुवातीला त्याच प्रदेशातलं सिम टाकून एकूण पाच मिनिटं कॉल करावा लागतो, नाहीतर बाहेरचं सिम चालत नाही. तिकडे पाच मिनिटांत होणारं हे काम इथे अडून बसतं.

बँड न पाहता स्वस्त फोन घेणे

महागड्या आयफोनची इथे काळजी नाही, त्यात जवळपास सगळे बँड असतात. अडचण अमेरिकी ऑपरेटरसाठी बनवलेल्या स्वस्त फोनची. त्यांचा भर २, ४, १२, १३, ६६, ७१ या बँडवर असतो. जिओचं ४जी ३, ५ आणि ४० वर चालतं, एअरटेलला १, ३, ८, ४० लागतात. फोनमध्ये ३ आणि ४० असूनही ५ नसेल, तर धरमपेठेतल्या रस्त्यावर सगळं ठीक वाटेल, पण जाड भिंतींच्या जुन्या घरात किंवा रामटेक-पेंचच्या वाटेवर नेटवर्क विरळ होईल, कारण ५ हा कमी फ्रिक्वेन्सीचा बँड आहे, आणि लांब पोहोचणारी आणि भिंत भेदणारी लहर कमी फ्रिक्वेन्सीचीच असते. मॉडेल नंबर टाकून कंपनीच्याच तांत्रिक माहितीच्या पानावर बँड पाहा. एकाच नावाच्या फोनचे देशागणिक वेगळे प्रकार असतात.

५जीसाठी एन ७८ हा बँड हवाच, जिओसाठी एन २८ सुद्धा, आणि जिओचं ५जी स्टँडअलोन (४जीचा आधार न घेणारं) असल्याने फोनमध्ये तो पर्याय चालू हवा.

इंटरनेट अजिबात येत नसेल तर एपीएन, म्हणजे मोबाइल इंटरनेटच्या सेटिंगमधलं नाव, जुन्या देशाचं राहिलं आहे का ते तपासा. जिओला जिओनेट, इंग्रजी लहान अक्षरांत आणि सलग. आयफोनमध्ये जुन्या ऑपरेटरचं प्रोफाइल राहिलं असेल तर व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंटमध्ये जाऊन काढून टाका. तिकडचा नंबर बँकेच्या ओटीपीसाठी ठेवायचा असेल तर त्याचं डेटा रोमिंग बंद करा.

इथला फोन तिकडे नेताना

शिक्षणासाठी जाणाऱ्या मुलांनीही हे पाहावं. ऑस्ट्रेलियात २०२४ च्या अखेरीस ३जी बंद झालं आणि ००० हा आपत्कालीन नंबर व्होएलटीईवर लावू न शकणारे फोन ऑपरेटरना नेटवर्कवरून रोखावे लागतात. परदेशात घेतलेले फोन त्यात बरेच अडकले. अमेरिकेत एटी अँड टीने २०२२ मध्ये ३जी बंद केल्यावर ठरावीक मॉडेलांनाच प्रवेश ठेवला. तुर्कस्तानात बाहेरचा फोन नोंदणीशिवाय १२० दिवसच चालतो. जाण्याआधी तिथल्या ऑपरेटरच्या संकेतस्थळावर आयएमईआय टाकून पाहता येतं. नकार आला तर इथून नवा फोन घेऊन जाऊ नका, तो तिथेच घ्या.