इंजिन गेलं तर शेत कोणतं धरायचं?

सीपीएलचे, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचे, उड्डाणाचे २०० तास भरायला बारामतीला आलो, तेव्हा एका फ्लाइटमध्ये शिकवणाऱ्या सरांनी अचानक थ्रॉटल (इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा) मागे घेतला. "इंजिन गेलं. कुठे उतरणार?" मी एक हिरवंगार, सपाट शेत दाखवलं. त्यांनी मला पाचशे फुटांपर्यंत येऊ दिलं. तेव्हा कळलं की तो ऊस आहे, पुरुषभर उंच, आणि अलीकडून विजेची लाइन गेलीय. तारा मला दिसल्याच नाहीत, दिसला तो खांब.

रविवारी सर मला मोटारसायकलवरून तिथेच घेऊन गेले. शेजारची नांगरट वरून गादीसारखी वाटली होती. जवळून पाहिली तर डोक्याएवढी ढेकळं, गुडघाभर बांध आणि मधोमध कठडा नसलेली विहीर. सेस्नाचं, म्हणजे आमच्या छोट्या शिकाऊ विमानाचं, पुढचं चाक त्यात रुतलं की विमान नाकावर उलटायला वेळ लागत नाही. म्हणून जमीन टेकताना योक (विमानाचं स्टिअरिंग) पोटाशी ओढून ते चाक शक्य तितकं वर धरायचं. नांगरट असेल तर नांगराच्या तासांच्या, म्हणजे सरींच्या, दिशेने उतरायचं, आडवं कधीच नाही. हरभरा काढलेलं कोरडं रान मिळालं तर सोनंच. पावसाळ्यात काळ्या रानाच्या वाटेला जाऊ नका. खांबांची रांग दिसली की तारा आहेतच असं धरा.

नवी मुलं हमखास चुकतात ती उंचीत. अल्टिमीटर (उंची दाखवणारं यंत्र) समुद्रसपाटीपासून मोजतो आणि इथली जमीनच साधारण १९०० फुटांवर आहे. काट्यावर ४००० दिसले तरी हातात जेमतेम २१०० फूट असतात. इंजिन बंद असताना सेस्ना १७२ ला ६५ नॉटच्या (ताशी सुमारे १२० किमी) आसपास धरलं तर हजार फूट खाली येईपर्यंत ती साधारण दीड नॉटिकल मैल (पावणेतीन किमी) जाते. तेवढ्यात शेत निवडायचं, फ्युएल सिलेक्टर (इंधनाची टाकी निवडायचा खटका) आणि कार्ब हीट (कार्ब्युरेटरमधला बर्फ वितळवणारी गरम हवा) बघायचं, मेडे (रेडिओवरून संकटाची हाक) द्यायचा. एकदा शेत धरलं की खाली आल्यावर बदलू नका.

वारा समोरूनच घ्या. ६० नॉटने येताना १० नॉटचा वारा समोरून असेल तर जमिनीवरचा वेग ५०, मागून असेल तर ७०. धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळपास दुप्पट. पण वेग कमी करायच्या नादात पन्नास फुटांवर स्टॉल करू नका, म्हणजे पंख विमान पेलेनासे होतील इतका वेग घालवू नका. पंख गेले, चाकं गेली तरी चालेल, केबिन शाबूत राहिली पाहिजे. जुलै २०२२ मध्ये बारामतीहून उडालेलं शिकाऊ विमान इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीच्या शेतात कोसळलं, पण आतली शिकाऊ वैमानिक वाचली.

टेकण्याआधी इंधन बंद, मॅग्नेटो (इंजिनाला ठिणगी देणारं) बंद, दारं किलकिली. फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेचे, वेग कमी ठेवायला खाली सोडायचे भाग) विजेवर चालतात, म्हणून ते आधी सोडायचे आणि मास्टर स्विच, म्हणजे विमानाची सगळी वीज, त्यानंतर बंद. बाहेर पडलात की विमानापासून लांब जा. दहा मिनिटांत अख्खा गाव जमतो, कुणाच्या तरी हातात पेटलेली बिडी असतेच आणि पंखांत पेट्रोल असतं. पहिल्यांदा ती बिडी विझवायला सांगा, घरी फोन नंतर.