पायासाठी बोअर घेताना: ठोके कसे मोजावेत आणि कातळ कसा ओळखावा

दख्खनच्या पठारावर पायासाठी बोअर घेतला की वर काळी माती, तिच्याखाली मुरूम, मग झिजलेला खडक आणि अखेरीस घट्ट बसॉल्ट असा क्रम बहुतेक ठिकाणी लागतो. मुरमाचा अखंड नमुना प्रयोगशाळेपर्यंत नेणे जवळपास अशक्य असल्यामुळे त्याची ताकद जागेवरच मोजावी लागते, आणि त्यासाठी सर्वाधिक वापरात आहे ती स्टँडर्ड पेनिट्रेशन टेस्ट, म्हणजेच एसपीटी.

आयएस 2131 या भारतीय मानकानुसार 63.5 किलोचा हातोडा 75 सेंटिमीटर उंचीवरून मोकळा सोडून सॅम्पलर (मातीचा नमुना घेणारी पोकळ नळी) 45 सेंटिमीटर आत ठोकावा आणि दर 15 सेंटिमीटरचे ठोके वेगवेगळे लिहावेत. पहिल्या 15 सेंटिमीटरचे ठोके धरायचे नाहीत. पुढच्या 30 सेंटिमीटरची बेरीज म्हणजे एन मूल्य. त्याआधी बोअरचा तळ गाळ काढून साफ करावा. वाळूच्या थरात बोअरमधील पाणी भूजलपातळीच्या खाली जाऊ देऊ नये, कारण तसे झाल्यास तळाची वाळू उसळून सैल होते आणि एन मूल्य वास्तवापेक्षा कमी येते. हातोडा प्रत्येक वेळी पूर्ण उंचीवरून पडतो का, हे अभियंत्याने स्वतः उभे राहून पाहावे. हे काम केवळ रिगवाल्यावर, म्हणजे बोअरचे यंत्र चालवणाऱ्यावर, सोपवणे मला कधीच पटलेले नाही.

काळ्या मातीतील आकड्यावर तर विशेष सावधपणे विसंबावे. मे महिन्यात वाळून कडक झालेली तीच माती पावसाळ्यात मऊ पडते, म्हणून एन मूल्यासोबत मातीतील ओलाव्याचे प्रमाण नोंदवावे आणि फुगवट्याची चाचणी वेगळी करावी.

50 ठोक्यांतही सॅम्पलर 15 सेंटिमीटर आत गेला नाही की 'रिफ्युजल' (पुढे ठोकला जात नाही) असे लिहून काम थांबवण्याचा मोह होतो. परंतु बसॉल्ट कांद्याच्या पापुद्र्यांसारखा झिजत जातो आणि मुरमात मोठे गोटे अखंड राहतात. सॅम्पलर अशा गोट्यावरही अडतो. म्हणून तेथून डबल ट्यूब बॅरलने (दुहेरी नळीच्या ड्रिलने) किमान 3 मीटर कोअर, म्हणजे खडकाचा दंडगोल नमुना, काढावा. 10 सेंटिमीटर किंवा त्याहून लांब तुकड्यांची बेरीज रनच्या (एका वेळी ड्रिल केलेल्या टप्प्याच्या) लांबीने भागली की आरक्यूडी, म्हणजे खडक किती अखंड आहे हे सांगणारी टक्केवारी, मिळतो: 1.5 मीटरच्या रनमध्ये असे तुकडे 90 सेंटिमीटर भरले, तर तो 60 टक्के. ड्रिलिंगमुळे मोडलेले ताजे तुकडे जोडलेलेच धरावेत.

लाव्हाच्या दोन थरांमध्ये कधी मातीसारखा लाल थर सापडतो, तोही घट्ट खडकाखाली. प्लेट लोड टेस्टमध्ये, म्हणजे जमिनीवर प्लेट ठेवून तिच्यावर भार देण्याच्या चाचणीत, दाबाचा प्रभाव प्लेटच्या रुंदीच्या साधारण दुपटीपर्यंतच पोहोचतो. त्यामुळे 60 सेंटिमीटरच्या प्लेटला 4 मीटर खाली असलेला हा लाल थर जाणवत नाही, तो कोअर बॉक्समध्येच (काढलेले कोअर क्रमाने ठेवण्याच्या पेटीत) दिसतो.