वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलचे किट कसे आखावे

किट आखायला बसलेला माणूस बहुधा बॉयलरपासून सुरुवात करतो. धुराडे, डोम (बॉयलरवरचा घुमट), केबिनची खिडकी, डोळ्यांत भरते ते हेच. सुरुवात मात्र चाकांपासून करावी. रुळावर अडखळणारे इंजिन कितीही देखणे असले तरी शेवटी कपाटात जाऊन बसते, आणि ते जोडणाऱ्याने त्यात कित्येक रात्री घातलेल्या असतात. त्या माणसाच्या हातांचा विचार आराखड्याच्या पहिल्या रेघेपासून हवा. इथे सांगितलेली पद्धत रसायनाने कोरलेल्या पितळी किंवा जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल आणि जस्त यांच्या मिश्रधातूच्या) पत्र्याच्या किटची आहे.

इंजिन आणि प्रमाण ठरवा

पहिल्या किटसाठी ०-६-० रचनेचे, म्हणजे फक्त सहा जोडचाकांचे आणि सिलिंडर चाके धरणाऱ्या चौकटीच्या आत असलेले टँक इंजिन, म्हणजे पाण्याच्या टाक्या स्वतःवरच वाहणारे इंजिन घ्या. बाहेरून दिसणारी वॉल्शार्ट पद्धतीची व्हॉल्व्ह यंत्रणा (सिलिंडरमध्ये वाफ सोडणाऱ्या दांड्यांची रचना) बघायला सुरेख असते, पण तिच्यामुळे हलणारे सुटे भाग फार वाढतात. ती दुसऱ्या किटसाठी राखून ठेवा.

मॉडेल रेल्वेतले एचओ प्रमाण १:८७ आहे. खऱ्या रुळांमधले १४३५ मिमी अंतर त्यात १६.५ मिमी होते. ओओ प्रमाण १:७६ असूनही तेच १६.५ मिमीचे रूळ वापरते, त्यामुळे तिथे रूळ इंजिनाच्या मानाने अरुंद पडतात. याच प्रमाणात काही मॉडेलकार १८.२ किंवा १८.८३ मिमीचे रूळ वापरतात. ओओचे किट करणार असाल तर चौकटीच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या पट्ट्या तिन्ही रुंदींच्या द्या. पत्र्यावर जागा थोडीशीच लागते आणि तिन्ही प्रकारच्या लोकांना किट चालते.

मूळ नकाशावर लिहिलेली मापे घ्या, पट्टी लावून मोजू नका. जुना कागद आक्रसतो, छायाप्रत ताणली जाते. कारखान्याचा नकाशा इंजिन नवे असतानाचा असतो, पुढे दुरुस्तीत धुराडी आणि पाण्याच्या टाक्याही बदलत. म्हणून एक ठरावीक काळ निवडा आणि प्रत्येक भाग त्या काळातल्या छायाचित्राशी ताडून पाहा.

चाके, वळण आणि कपलिंग रॉड

समजा, खऱ्या इंजिनाचे चाक १.५ मीटर व्यासाचे आणि शेजारच्या दोन आसांमधले अंतर १.६ मीटर आहे. १:८७ मध्ये चाक १७.२४ मिमी आणि अंतर १८.३९ मिमी होते. दोन चाकांमध्ये उरली १.१५ मिमी जागा. मॉडेलच्या चाकाची फ्लँज, म्हणजे चाक रुळावर धरून ठेवणारी कडा, सुमारे ०.६ मिमी बाहेर येते आणि ती खऱ्या प्रमाणापेक्षा मोठीच असते. दोन फ्लँजांचे १.२ मिमी झाले, म्हणजे त्या एकमेकींवर घासणार. अशा वेळी आसांमधले अंतर अजिबात बदलू नका, कारण त्यावर अख्ख्या इंजिनाचा तोल दिसतो. चाक १६.७ मिमीचे घ्या. अर्ध्या मिलिमीटरचा फरक डोळ्यांना कळत नाही.

पुढचा प्रश्न वळणाचा. पहिल्या आणि शेवटच्या आसातल्या अंतराचा वर्ग करा आणि वळणाच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. मधले चाक किती सरकायला हवे, ते कळते. अंतर ५५ मिमी आणि त्रिज्या ४३८ मिमी असेल तर उत्तर ०.८६ मिमी येते. रूळ आणि फ्लँज यांच्यातली मोकळीक त्यातला काही भाग सांभाळते, उरलेली सरकण मधल्या आसाला द्यावी लागते. तेवढी जागा चौकटीची रुंदी ठरवतानाच सोडा. नंतर कानस चालवून ती मिळत नाही.

आता सगळ्यांत नाजूक जागा. कपलिंग रॉडमधल्या, म्हणजे चाके एकमेकांना जोडणाऱ्या दांड्यातल्या, भोकांची अंतरे आणि चौकटीतल्या आसांची अंतरे तंतोतंत एक हवीत. केसाएवढा फरक पडला तरी चाके फिरताना प्रत्येक फेरीत अडकतात. म्हणून दोन्ही भाग संगणकावर एकाच मूळ रेखाटनातून काढा आणि एकाच पत्र्यावर, एकाच दिशेत मांडा. रॉड दोन पातळ थरांचा करा, म्हणजे डाग (सोल्डर) दिल्यावर तो भक्कम होतो आणि कडेची जाडीही खरी वाटते. भोके मुद्दाम थोडी लहान ठेवा, जोडणारा ती रीमरने (भोक रुंदावणाऱ्या हत्याराने) हलक्या हाताने मोठी करतो. आसांचे बेअरिंग बसवताना हाच रॉड साचा म्हणून वापरायला सांगा. मग उरलीसुरली चूकही दोन्हीकडे सारखीच येते आणि इंजिन सुरळीत चालते.

मोटर

ताशी ६० किमी वेग १:८७ मध्ये सेकंदाला सुमारे १९२ मिमी होतो. १७.२ मिमीच्या चाकाचा परीघ ५४ मिमी, म्हणजे चाकाच्या मिनिटाला साधारण २१३ फेऱ्या. मोटर ओझ्याखाली मिनिटाला ८५०० फेऱ्या घेत असेल तर ४०:१ चा गिअर हवा. मोटर फायरबॉक्समध्ये (बॉयलरमागच्या भट्टीच्या जागेत) लपवा आणि बॉयलरची पोकळी वजनासाठी घालायच्या शिशाला मोकळी ठेवा. वजनाचा मध्य मधल्या आसावर आला पाहिजे, तरच इंजिन डबे ओढते.

पत्र्याचे काम

बॉयलरच्या पत्र्याची लांबी बाहेरच्या व्यासावरून काढू नका. व्यासातून पत्र्याची जाडी वजा करून π ने गुणा: २० मिमी व्यास आणि ०.३ मिमी पत्रा असेल तर ६१.९ मिमी. सांधा खाली ठेवा.

जिथे घडी घालायची तिथे अर्ध्या खोलीपर्यंत कोरलेली रेघ द्या, आणि ती घडीच्या आतल्या बाजूला येऊ द्या. घडी घातल्यावर आतून डाग भरला की कोपरा पक्का होतो. रसायन खाली खाते तसे बाजूलाही खाते. त्यामुळे खाचा आणि भोके आराखड्यापेक्षा मोठी येतात, खाचांत बसणाऱ्या जिभा बारीक होतात. हा फरक कोरणाऱ्या कारखान्याला विचारूनच रेखाटन करा. पत्र्याच्या जाडीपेक्षा लहान भोक नीट उतरत नाही.

प्रत्येक जीभ एकाच खाचेत बसेल अशी करा. डावी-उजवी बाजू सारखी दिसत असेल तर जिभांच्या जागा थोड्या वेगळ्या ठेवा, म्हणजे भाग उलटा बसूच शकणार नाही. भागाचा क्रमांक त्याच्या शेजारी पत्र्याच्या उरणाऱ्या कडेवर कोरा.

धुराडे, डोम, बफर यांसारख्या गोलाईच्या वस्तू पत्र्यातून होत नाहीत. त्या ओतीव पितळाच्या किंवा रेझिनच्या थ्रीडी छपाईच्या द्या. ओतकामात धातू थंड होताना आक्रसतो, तेवढा मूळ नमुना मोठा हवा.

चाचणी आणि सूचनापत्रिका

पहिला पत्रा आला की इंजिन स्वतः जोडा, पण कागदावर सूचना लिहीत लिहीत. जिथे तुमचा हात थांबला, तिथे वाचणाऱ्याचाही थांबेल. दुसरा पत्रा या कामात नसलेल्या माणसाला द्या आणि काही न सांगता बघत बसा. तो विचारील त्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर पत्रिकेत आले पाहिजे.

पत्रिकेत क्रमाला सर्वांत जास्त जागा द्या: आधी चेसिस (चौकट आणि चाके), ते मोटरवर दोन्ही दिशांना चालवून बघणे, मग वरचे अंग. डागाच्या सोल्डरचे तापमानही लिहा. मोठ्या सांध्यांना १८८ अंश सेल्सिअसचे, नंतरच्या बारीक भागांना १४५ अंशांचे, म्हणजे आधीचे सांधे सुटत नाहीत. पांढऱ्या धातूचे (कमी तापमानाला वितळणाऱ्या मिश्रधातूचे) ओतीव भाग असतील तर ७० अंशांचेच सोल्डर सांगा, नाहीतर भागच वितळतो. चाके, मोटर आणि गिअर खोक्यात नसतील तर त्यांचा व्यास, आरे, आसाची जाडी आणि गिअरचे प्रमाण खोक्याच्या बाहेरच छापा.